शलाका नवस फेडते

एकदा एक मुलगी आपल्या जुन्या मास्तरांकडे पळत गेली. पळत म्हणजे अक्षरशः. दवाखान्यातल्या कामावरून सुटली ती थेट खोत सरांच्या अंगणात, आणि धाप लागलेली असतानाच म्हणाली की सर, माझं कर्ज फिटतंय.

मुलीचं नाव शलाका. तालुक्याच्या गावातली, फिजिओथेरपी शिकलेली. शिक्षणासाठी बँकेकडून कर्ज घेतलेलं. नोकरी लागेपर्यंत बँक थांबली होती, आता नोकरी लागली होती आणि दुसऱ्या दिवशी पहिला हप्ता जायचा होता. तेवढ्यात एक स्थळ आलं. मुलगा विश्वजीत, वडिलांचं हार्डवेअरचं मोठं दुकान, माणसं गोड. त्यांनी होऊन सांगितलं की सून कर्जासकट घरात नको, लग्नाआधी आम्हीच सगळं भरून टाकतो. विश्वजीतची आई तर प्रेमाने म्हणाली, "कर्जच नाही म्हटल्यावर नोकरीची दगदग तरी कशाला?" शलाकाने हे वाक्य ऐकलं, पण बर्फीच्या तुकड्याबरोबर गिळून टाकलं. रविवारी होकार कळवायचा होता.

खोत सरांनी तिला शाळेत मराठी शिकवलेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. फक्त विचारलं, उद्या सकाळी मोकळी आहेस का? एक नवस फेडायचा राहिलाय. चांगली साडी नेसून ये.

शलाकाला वाटलं, सरांच्या गुडघ्याचा नवस असणार. तो गुडघा तिनेच व्यायाम देऊन हलता केला होता, त्यामुळे तिला त्यात आपलाही थोडा वाटा दिसला. दुसऱ्या दिवशी ती दाखवण्याच्या कार्यक्रमातली गुलाबी साडी नेसून हजर. सरांनी परीटघडीचा सदरा घातलेला, पिशवीत नारळ आणि पेढे. दोघं निघाले. देवीच्या देवळापाशी शलाकाने सवयीने चपला काढल्या. वर बघते तर सर पुढे निघून गेलेले.

"तिकडे कुठे? चपला घाल आणि चल," सर मागे न बघता म्हणाले.

बिचारी चपला हातात घेऊन निम्मा रस्ता गेली. सर थांबले ते बँकेच्या दारात.

तिथे वॉचमनने अडवलं. नारळ इथे फोडता येणार नाही, फरशी नवी आहे, साहेब माझा पगार कापतील. सरांनी त्याचं म्हणणं रास्त मानलं, खाली रस्त्याकडेच्या दगडावर नारळ फोडला आणि पहिलं खोबरं त्यालाच दिलं. मग दोघं आत. काउंटरवरच्या मॅडमनी पेढ्याचा पुडा बघितला आणि कोण रिटायर होतंय ते विचारलं. शलाकाने हळू आवाजात सांगितलं की शैक्षणिक कर्जाचा हप्ता भरायचा आहे.

"शेवटचा?"

"पहिला."

मॅडमनी पेढा उचलला होता, तो परत ठेवावा की खावा ते त्यांना कळेना. म्हणाल्या, अगं, हप्ता खात्यातून आपोआप जातो, त्यासाठी यायचं कशाला?

"नवस आपोआप फिटतो का हो?" सरांनी विचारलं.

मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. शलाकाचे कान गुलाबी साडीला मॅच झाले. तिने सरांना बाजूच्या बाकड्यावर बसवलं आणि दबक्या आवाजात विचारलं, सर, हे काय चाललंय?

सर म्हणाले, "मी तुला मराठी शिकवलं ना? मग सांग, आपण नवसाचं काय करतो? फेडतो. कर्जाचं? तेही फेडतोच. शब्द एकच. पण नवस फेडायला माणूस नवे कपडे घालून, चार लोकांना बोलावून जातो. का? कारण मागितलेलं मिळालेलं असतं. तूही याच दारात येऊन काहीतरी मागितलं होतंस. मिळालं का?"

आता माझं खरं सांगायचं तर घराचा हप्ता गेल्याचा मेसेज आला की मी असं तोंड करते की घरातले घाबरून विचारतात, कोण गेलं? आपण मागितलेलं घर आपल्याच डोक्यावर उभं आहे, हे त्या वेळी आठवत नाही. शलाकाला मात्र आठवलं. गेल्या मंगळवारी, अर्धांगवायू झालेल्या एका आजींनी पहिल्यांदा स्वतःच्या हाताने कप उचलला. निम्मा चहा शलाकाच्या ड्रेसवर सांडला आणि अख्खा वॉर्ड टाळ्या वाजवत होता. ती घरी येईपर्यंत तो डाग लोकांना दाखवत आली होती.

"मिळालं," ती म्हणाली.

"मग दुसऱ्याला का फेडू देतेस? ती माणसं वाईट नाहीत. पण तुझा नवस त्यांनी फेडला, तर उद्या ती म्हणतील घरी बस, आणि तुला वाटेल की त्यांना तसं म्हणायचा हक्क आहे."

बर्फीबरोबर गिळलेलं वाक्य शलाकाच्या घशाशी आलं. उद्या नाही सर, ती म्हणाली, म्हणून झालंय.

ती उठली. स्लिप मागून घेतली, स्वतःच्या अक्षरात भरली, आणि पगाराच्या खात्यातून काढलेले पैसे काउंटरवर ठेवले. मॅडमनी शिक्का मारला, पेढा खाल्ला आणि सगळ्या स्टाफला हाक मारली. रांगेतल्या लोकांनीही हात पुढे केले. पुडा तिथेच संपला.

बाहेर येऊन तिने विश्वजीतला फोन लावला. रविवारची वाट बघायला तिच्यात धीर नव्हता. एका दमात सांगितलं की कर्ज मी फेडणार, नोकरी मी करणार, लग्नानंतरही. चालत नसेल तर आत्ताच सांग. सर शेजारी उभे राहून समोरच्या दुकानाची पाटी वाचत होते. ती त्यांना पाठ असणार.

मग विश्वजीत म्हणाला की आईशी मी बोलतो. सोपं नाही जाणार. आणि जरा चाचरत विचारलं, "पुढचा हप्ता कधी आहे? मी आलो तर चालेल का?"

शलाकाने सरांकडे पाहिलं. सरांनी पाटी वाचणं सोडलं नाही.

"ये की," ती म्हणाली. "पाकीट घरी ठेवून ये."