जांभूळखिंडीची वाकडी भिंत

जांभूळखिंडीची भिंत सरळ येते आणि वेशीपाशी एकदम दक्षिणेला भलामोठा वळसा घेते. पाहुणे हसून विचारतात, गवंडी पेंगत होता का? नव्हता. तो वळसा एका बाईच्या संतापाचा आहे, असे सांगतात.

तेव्हा घाटावर एक सरदार होता, घाटाखाली दुसरा, आणि दोघांचे हाडवैर. गावाने देवीपुढे बेलभंडार उचलला की आपण दोघांपैकी कोणाचेच नाही, खिंडीतून कोणाचीच फौज जाऊ द्यायची नाही. एवढे केले आणि गाव निर्धास्त झाले. जणू शपथ ऐकून फौजा घरी बसणार होत्या. त्याच वर्षी घाटावरची फौज आली. राणोजी वेसकराने बाहेर उभे राहून शिंग फुंकले, गाव सावध झाले आणि गावाने काटेरी कुंपणाची वेस आतून लावून घेतली. राणोजी बाहेर कापला गेला. पुढे गावही लुटले गेले.

मग म्हणे गावाचे डोळे उघडले. घरटी एक माणूस भिंतीच्या कामाला, लोहाराने भाले घडवायचे, बायकांनी गोफणी चालवायच्या, असे ठरले. पाटलाने दोरी धरून पाया आखला, आणि वेसकरांची वस्ती पुन्हा बाहेरच ठेवली. दगड वाहायचे त्यांनी, राखणही त्यांनीच करायची.

राणोजीची बायको धुरपा डोक्यावरचा दगड टाकून पायाच्या चरात जाऊन बसली. तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता.

"ऊठ धुरपे, दसरा महिन्यावर आलाय, मग फौजा निघतील," पाटील म्हणाला. "वस्ती वाडवडलांपासून बाहेरच हाय."

"मग शिंग बी तुमीच फुंका, पाटील. माझा धनी तुमच्यासाठी फुंकत हुता, तवा तुमी आतनं अडसर घातला."

वस्तीतल्या एकेकाने दगड खाली ठेवला. खिंडीच्या चोरवाटा फक्त त्यांनाच ठाऊक होत्या. तीन दिवस काम ठप्प झाले, तसे गावच पाटलावर उखडले. कोणाला उपरती झाली नव्हती, जीव प्यारा होता इतकेच. पाटलाला दोरी वस्तीच्या पलीकडून फिरवावी लागली.

दसऱ्यानंतर घाटाखालची फौज आली, चार दिवस गोफणींचा मार खाऊन परत गेली. गावाने धुरपाला साडीचोळी नेली. तिने ती घेतली नाही आणि गावाला माफही केले नाही.

आजही दसऱ्याला वेस लावण्याआधी पाटलाच्या घरचा माणूस त्या वस्तीतल्या थोरल्या बाईला विचारतो, "सगळे आत आले का?"

ती सांगते, "एक बाहेर राहिला."

तो मान खाली घालतो, आणि मगच वेस लागते.