नानांनी दिलेली पाच मिनिटे

एकदा एका लहान प्रादेशिक पक्षाचे दोनच खासदार लोकसभेत निवडून आले. एक दौलतराव, अनेकवार निवडून आलेले, वयोवृद्ध. सारा मुलूख त्यांना नाना म्हणे. दुसरी हेमांगी, नानांच्याच हाताखाली राजकारण शिकलेली आणि प्रथमच दिल्लीला आलेली.

अर्थसंकल्पावरील चर्चेत त्यांच्या पक्षाला पाच मिनिटे मिळाली. त्यांच्या डोंगराळ जिल्ह्याला रेल्वे हवी होती आणि त्या दिवशी नाना ती मागणी मांडणार होते. गावोगावी लोक टीव्हीसमोर जमले होते. हेमांगी नानांशेजारी बसली होती.

नानांच्या आधी ईशान्येकडील एक सदस्या बोलत होत्या. त्यांच्या भागातील विशाल नदीवर पूल नव्हता. "गेल्या महिन्यात एक बाळंतीण नावेतून रुग्णालयाकडे निघाली..." एवढे त्या म्हणाल्या आणि वेळ संपल्याची घंटा झाली. गोंगाटात त्यांचा आवाज बुडाला. अध्यक्षांनी नानांचे नाव पुकारले.

नाना उठले. "अध्यक्ष महोदय, त्या बाळंतिणीचं पुढे काय झालं, हे सभागृहाने ऐकावं. माझा वेळ या भगिनींना द्यावा."

एवढे बोलून ते खाली बसले. अध्यक्षांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिले आणि मान डोलावली. त्या सदस्या पुन्हा उभ्या राहिल्या. नाव उलटली होती. आई वाचली, मूल गेले. सभागृह स्तब्ध होऊन ऐकत होते. शेवटी दोन्ही बाजूंच्या सदस्यांनी बाके वाजवली.

बाहेर येताच हेमांगी उसळली. "नाना, हे काय केलंत? लोक आपली वाट बघत होते. आता कोणत्या तोंडाने गावी जायचं?"

नाना शांतपणे म्हणाले, "आपल्याला जिल्ह्याने निवडलं, पण धाडलं ते साऱ्या देशाच्या सभागृहात. तिथे आपलं मागणं मांडायचा हक्क आहे, तसं दुसऱ्याचं ऐकून घ्यायचं कर्तव्यही आहे. ते वाक्य अर्धवट टाकून मी रेल्वेवर बोललो असतो, तर माझे शब्द मलाच पोकळ वाटले असते."

"आणि लोकांना काय सांगायचं?"

"जे घडलं तेच. आणि ते तू सांग."

पुढे अर्थमंत्र्यांनी चर्चेला उत्तर दिले, त्यात नदीवरच्या पुलाला मंजुरी होती. रेल्वेविषयी अक्षरही नव्हते.

दोघे जिल्ह्यात परतले, तेव्हा तिथली सभा खचाखच भरली. "रेल्वेचं काय झालं?" लोक विचारू लागले. हेमांगी बोलायला उठली. तिने सगळे सांगितले. काही लपवले नाही, सारवासारव केली नाही. मग पुढे बसलेल्या एका प्रौढ बाईने विचारले, "त्या बायांचा पूल होणार का पण?"

"होणार, मावशी. मंजूर झाला."

बाई मागे वळून लोकांना म्हणाली, "मग टाळ्या वाजवा की!"

आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की हेमांगीला बोलणे थांबवावे लागले. त्या गजरातच कोणी तरी ओरडले, "पुढच्या खेपेला आपली रेल्वे मांडा, ताई. जोरात मांडा!"

तिने व्यासपीठावर बसलेल्या नानांकडे पाहिले. ते डोळे मिटून, लहान मुलासारखे हसत, सर्वांबरोबर टाळ्या वाजवत होते. तेव्हा तिला उमगले, की नानांनी ती पाच मिनिटे दिली होती ती याच माणसांच्या भरवशावर.

आपल्या माणसांच्या मनाचा मोठेपणा ज्याला ठाऊक असतो, तोच त्यांचा खरा प्रतिनिधी.