मनगटावरची बोटं

“म्हणजे म्हातारपणाला नाव हवंय तुला?” बाईजींनी विचारलं.

“म्हातारपणाला नाही, बाईजी. त्यातल्या दुबळेपणाला. इंग्रजीत कॅड्यूसिटी म्हणतात. फारसं कुणी वापरत नाही. मूळ लॅटिन, पडण्याशी नातं आहे त्याचं. जरा, जर्जरता, गलितगात्रता... सगळे शब्द लावून पाहिले. एकही बसत नाही.”

पुंडलिक गावंडे यांचा शब्दकोश छापायला जायचा होता. तेवढी एक जागा कोरी होती, आणि पुंडलिकरावांना कोरी जागा खपत नसे. पोथी वाचायला ज्यांनी शिकवलं, त्या मठातल्या वृद्ध बाईजींना तरी हा शब्द सापडेल, असं त्यांना वाटलं.

सकाळ रोजच्यासारखीच उजाडली होती. दूध उतू गेलं, नळाचं पाणी येऊन गेलं. मग गावाहून बहिणीचा फोन आला. बाबा परवा न्हाणीत पडले. मोडलं काही नाही, पण तेव्हापासून खाटेवरून उठत नाहीत.

पुंडलिकरावांनी पायात चपला घातल्या. पण गावच्या एसटीत न बसता ते कोशाचा कागद घेऊन महानुभाव मठात आले.

“घरचे बरे?” बाईजींनी विचारलं.

त्यांनी फोनचं सांगितलं. “हट्टी झालेत बाबा. ताई आधार देते, तर तिचाच हात झटकतात. ओरडतात.”

“असं होय...” बाईजी म्हणाल्या. “चल, मला विहिरीपर्यंत ने.”

पुंडलिकरावांनी चटकन त्यांचा दंड पकडला आणि पाऊल टाकलं. बाईजी कलंडल्या. भिंतीला हात टेकला म्हणून सावरल्या.

“अरे विद्वाना, पोतं चढवतोयस का गाडीवर?”

“तुम्ही पडाल म्हणून धरलं, बाईजी.”

“धरलंस म्हणूनच पडत होते. मला धरू नकोस. मला धरू दे.”

“...म्हणजे?”

बाईजी उभ्याच राहिल्या.

बऱ्याच वेळानं पुंडलिकरावांनी आपला हात नुसता पुढे केला. वाळक्या बोटांनी त्यांचं मनगट पकडलं.

बाईजी चालू लागल्या. वीतभर पाऊल, मग थांबणं. त्या थांबल्या की पुंडलिकराव थांबत. लॅटिनबद्दल काही सांगायचं होतं ते त्यांनी सांगितलं नाही.

विहिरीपाशी पोचल्यावर ते म्हणाले, “बाईजी, किती घट्ट धरता! रुतली बोटं. आणि मी कागदावर तात्पुरतं दुबळेपणा लिहून आणलाय.”

“मग खोड ते.”

“त्या जागी काय लिहू?”

बाईजी कठड्यावर टेकल्या. मनगट त्यांनी अजून सोडलं नव्हतं.

“शब्द, बाईजी...”

“एवढं ऊन वर आलं,” त्या म्हणाल्या, “आणि तिकडे गावी तुझे बाबा अजून अंगणात आलेले नाहीत.”