काजळीची नवी कॅसेट

जर्मनीतल्या लाइपझिग शहरात 'काजळी' नावाचा एक पंक बँड होता. चौघांचे चेहरे असे, जणू आत्ताच स्मशानातून परतलेत! म्युझिक कंपन्यांचं तर त्यांना नावही नको. गाणी घरीच कॅसेटवर भरायची आणि फुकट वाटायची; अट एकच, ज्याला कॅसेट मिळेल त्याने कॉपी करून पुढच्याला द्यायची.

एकदा एका तळघरात त्यांचा कार्यक्रम ऐन रंगात आला होता, जागा पोरापोरींनी खचाखच भरलेली. तेवढ्यात एका बड्या म्युझिक कंपनीचे मालक क्लाउसनर थेट स्टेजवर चढले! माइक हिसकावून म्हणाले, "म्युनिकला माझी मुलगी दिवसभर तुमचीच गाणी गाते, म्हणून स्वतः आलोय. करार करा! माझ्याशिवाय तुमचं गाणं या तळघराबाहेर पडायचं नाही!"

गायिका गुद्रुन शांतपणे म्हणाली, "साहेब, ते तर तुमच्या आधी तुमच्याच घरात जाऊन बसलंय."

तळघर शिट्ट्यांनी दणाणलं! क्लाउसनर लालबुंद झाले. गुद्रुनने खिशातून नवी कॅसेट काढली आणि त्यांच्या हातात ठेवली.

"तरी गाणी पोचवायची एवढी हौसच असेल, तर ही तेवढी मुलीला पोचवा. पुढचं ती बघेल."