संगमावरचा घाट आणि दोन कॅमेरे

दोन नद्यांच्या संगमावर एक गाव होते. तेथील महाविद्यालयात कालिंदी नावाची एक बाई जलशास्त्र शिकवीत असे. तिचा धाकटा भाऊ सोपान गावच्या घाटावर पोहायला उतरला, तो परत आला नाही. देहही सापडला नाही. तेव्हापासून घाट बंद होता. त्या पाण्याने सोपानचे काय केले, हे एकदा पाहावे, ही ओढ कालिंदीला लागून राहिली.

पाण्याचा वेग पाहण्याची तिची रीत अशी : ज्वारीच्या लाह्या पाण्यावर पसरायच्या, उंचावरून चित्रण करायचे, आणि लागोपाठच्या दोन चित्रांत कोणती लाही कुठून कुठे गेली, हे संगणकाकडून जुळवून घ्यायचे.

महाविद्यालयात दोन कॅमेरे होते. एक कृष्णधवल. तो प्रत्येक चित्र जसेच्या तसे ठेवी. म्हणून त्याची साठवण लवकर भरे. दुसरा रंगीत. तो जागा वाचवण्यासाठी चित्रे दाबून ठेवी, बारीक कण गाळी आणि रिकामी जागा आधीच्या चित्रावरून भरून काढी. कालिंदीला हे ठाऊक होते. तरी तिने रंगीत कॅमेरा निवडला, कारण त्यात घाट सोपानच्या वेळी होता तसाच दिसे.

चित्रणावरून पायऱ्यांपाशी पाणी जवळजवळ स्थिर ठरले. त्यावर विसंबून देवस्थानचे प्रमुख पुरुषोत्तमपंत यांनी कार्तिकस्नानासाठी घाट उघडण्याचे ठरवले. आईला तर जन्माचे ओझे उतरल्यासारखे वाटले.

"मग तो घाबरला नसेल गं," ती म्हणाली. "पाय घसरला असेल, एवढंच."

कालिंदीला मात्र चैन पडेना. आपल्याला जे हवे होते नेमके तेच दिसले, याचीच तिला भीती वाटू लागली. तिने देवाचे स्मरण केले आणि कृष्णधवल कॅमेरा घेऊन ती पुन्हा घाटावर गेली. साठवण पाहता पाहता भरली. पण तेवढ्यात दिसायचे ते दिसले. पायऱ्यांपाशी लाह्या गरगर फिरत होत्या आणि मधल्या धारेत ओढल्या जात होत्या.

तिने पंतांना सारे सांगितले. पंत हसून म्हणाले, "बाई, रंगीत टाकून काळं-पांढरं धरलंत, म्हणून नदी काळी दिसते तुम्हाला."

"रंगीत कॅमेऱ्यानं लाह्या गाळल्या, पंत, म्हणून पाणी स्थिर दिसलं. हे माहीत असून मी तोच घेतला. घाट उघडू नका."

पंतांनी घाट उघडण्याचा बेत सोडला. घाट बंदच राहिला.

घरी आईने सर्व ऐकून घेतले. मग तिने विचारले, "म्हणजे त्यानं खूप हातपाय मारले असतील?"

"हो, आई."

त्या कार्तिकात गावाने वरच्या अंगाला, उथळ पात्रात स्नान केले. मायलेकी काठावर उभ्या होत्या. लोकांची लेकरे भिजून, कुडकुडत पाण्यातून वर येत होती. त्या दोघी त्यांच्याकडे पाहत राहिल्या.

तात्पर्य: सत्य शोधताना मनाला रुचेल ते दाखवणारे साधन हाती धरू नये, ईश्वराने सत्य ज्या रूपात ठेवले आहे त्याच रूपात ते पाहावे, मग त्यामुळे आपली आशा मावळली तरी चालेल.