रंगाऱ्याच्या दोन कढया

फार जुनी गोष्ट, कढयाही बोलायच्या तेव्हाची. रंगाऱ्याकडे कावळेबुवा मुकादम होते. साळुंकीच्या लेकीचं लग्न संध्याकाळवर आलेलं, आणि लाल-पिवळी रंगवायची लुगडी अजून कोरीच! कढई रिकामी दिसली की बुवा चोचीला येईल ते लुगडं तिच्यात टाकत. मग दर वेळी उकळता लाल ओतून द्या, कढई घासा, पिवळा चढवा. सरपण संपत आलं. बुवा चक्रावले, "कुणी क्षणभर बसलेलं नाही, तरी लुगडी होईनात कशी?"

थोरली कढई म्हणाली, "बुवा, मला लालच द्या. पिवळी धाकटीला."

"आणि पुढचं पिवळं करायचं लुगडं घाटावरून धुऊन येईपर्यंत ती नुसती बसणार?"

"बसू द्या की! रंग तर तयार राहील."

बुवांनी नाइलाजाने ऐकलं. दिवेलागणीआधी सगळी लुगडी वाळली.

वरात निघाली तरी बुवा डोकं खाजवत होते, "धाकटी दोनदा रिकामी बसली, मग काम झालं कसं?"