तुळईचे दोन लाख फोटो

एकदा एका शिष्याला आपल्या मोजणीचा फार भरवसा वाटू लागला. डोंगरावरच्या देवीच्या जुन्या दगडी देवळाची, लोकांनी दहा वर्षांत काढलेली दोन लाख छायाचित्रे त्याने गोळा केली होती. कोणता दगड किती सरकला, कोणती भेग किती रुंदावली, हे संगणक त्यांवरून सांगत असे. जत्रेच्या आदल्या सकाळी संगणकाने निर्वाळा दिला, की सभामंडपात दहा वर्षांत काहीही फरक नाही. आता मंडप सुरक्षित असल्याच्या दाखल्यावर शिष्याची सही तेवढी उरली होती. उद्या तिथे हजार माणसे बसणार होती. त्याची आई तर आत्ताच चार बायकांबरोबर मधल्या तुळईखाली देवीसाठी हार ओवत होती.

त्याचे गुरू म्हणजे जन्मभर जुन्या देवळांची डागडुजी केलेले वृद्ध गृहस्थ. शिष्याने मोठ्या अभिमानाने दाखला पुढे केला. गुरूंनी तो वाचला, वर तुळईकडे पाहिले, पत्र्याचा एक तुकडा उचलला आणि रंगाऱ्यांच्या शिडीवर चढून ते नवा कोरा रंग खरवडू लागले.

गुरव धावत आला. "अहो आजोबा, डोकं फिरलं का तुमचं? कालच वाळलाय तो! पोरांनी आठ दिवस खपून देऊळ नवरीसारखं सजवलंय!"

"दर वर्षी सजवता?"

"मग! जत्रेला देवीनं काय विटक्या लुगड्यात बसायचं? भेगा पुट्टीनं बुजवतो, वर ऑइलपेंटचे दोन हात. फोटो कसे झकास येतात!"

"गुरुजी, उतरा," शिष्य कुजबुजला. "लोक मारतील."

तेवढ्यात रंगाचा पापुद्रा सुटला आणि पुट्टीचा ढेकळाएवढा गोळा खाली पडला. गुरू उतरले. "आता तू चढ. हात घाल त्या भेगेत."

आधी बोटे गेली, मग पंजा, मग मनगट. आत गार होते. बारीक चुरा त्याच्या हातावरून झरू लागला, आणि तो थांबेना.

खालून आईने विचारले, "काय रे, मधाचं पोळं लागलं का तिथं?"

त्याने झटकन हात बाहेर काढला. गुरू हळू आवाजात म्हणाले, "ओरडू नकोस. पळापळ झाली तर माणसं खांबांनाच धडकतील. खाली ये, आईचा हात धर आणि सगळ्यांना पारावर घेऊन चल."

"इथं सावली आहे की! मेल्या, ओढतोस काय असा?" आई कुरकुरत उठली. उंबऱ्यापर्यंतची ती वीस पावले शिष्य श्वास न घेता चालला. मागे चुऱ्याची सरसर चालूच होती.

पारावर पोचल्यावर गुरूंनी विचारले, "तुझी दोन लाख चित्रं कोणत्या दिवसांची?"

शिष्याने तारखा चाळल्या. सगळ्या जत्रेच्याच.

"बाळा, दोन लाख डोळ्यांनी पाहिलं खरं, पण सगळे डोळे एकाच सणाला आले. पाहुण्यांपुढे कोण आपलं दुखणं उघडं करतं? तुझ्या यंत्रानं दहा वर्षं रंग मोजला. दगड त्याला कुणी दाखवलाच नाही. भीती वाटली ना? ती ठेव जवळ. सही करताना उपयोगी पडते."

गुरव हे ऐकत होता. तो गेला आणि मंडपाला कुलूप लावून आला.

जत्रा उघड्या माळावर भरली. तुळई त्या दिवशी पडली नाही, आणि लोक शिष्याला हसलेही. त्याने दाखला फाडला, नवा कागद घेतला आणि त्यावर लिहिले : "या सर्व छायाचित्रांत देऊळ सजलेले आहे. आजारी असताना त्याला अजून कुणी पाहिलेले नाही." खाली सही केली.